दत्ताराम, पूल अजून उभा आहे

सिल्वासा शहर, खानवेल, खानवेलच्या पुढचे सर्व पाडे आणि आमच्या नाट्यमंडळातले तालमीला दांडी मारणारे तमाम सभासद यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, बांधकामाकडचे ओव्हरसियर श्री. दत्ताराम हे गेल्या मंगळवारी सकाळी, कपातला चहा अर्धा ठेवून, आमच्याशी चालू असलेल्या भांडणाचा निकाल लागण्यापूर्वीच, कोणाचीही परवानगी न घेता निघून गेले. भांडण मिटलेले नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

हे वाचून तू हसला असतास. मग म्हणाला असतास, "मास्तर, 'तमाम' काढ. जप्तीची दवंडी वाटते." आणि मी तो शब्द मुद्दाम ठेवला असता. ठेवलाय बघ.

तुझं तेरावं अजून व्हायचंय. जो तो मला सांगतो, मास्तर, मन मोकळं करा, रडून घ्या. मी रडायला बसतो आणि मला राग येतो. तुझा येतो, तुझ्या साहेबांचा येतो, त्या कंत्राटदार शेठचा येतो. काल शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली, तिचा तर इतका येतो की सकाळपासून दोनदा दाढी करायला घेतली आणि दोनदा गालाला कापलं. त्या सभेचं सांगतोच. पण आधी पूल.

तुला तो पूल मी काय सांगणार! पण हे आणखी चार लोक वाचतील. त्यातले निम्मे धुळ्या-जळगावकडून इथल्या कारखान्यांत नवे आलेले, त्यांना कुठून माहीत असणार? तर मंडळी, खानवेलच्या पुढे एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात म्हशीची पाठसुद्धा भिजत नाही. पावसाळ्यात तोच नाला असा येतो की झाडं मुळासकट घेऊन जातो. त्याच्यावर फिरंग्यांच्या राजवटीत बांधलेला सागवानी पूल. दगडी खांब, खांबांवर माणसाच्या कवेत न मावणाऱ्या तुळया, तुळयांवर फळ्या. पलीकडे पाडे, आणि त्या पाड्यांसाठी एक आरोग्य उपकेंद्र. उपकेंद्रात नर्स एकच. ती माझी बायको, मालती. तिला तिकडे लहानथोर 'सिस्टर' म्हणतात, आणि तूही म्हणायचास.

रोज सकाळी ती सिल्वासाहून बस धरते. बस पुलाशी आली की थांबते. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून ओरडतो, "चालो, बधा उतरो!" आणि अख्खी बस खाली. कोंबड्या, टोपल्या, तान्ही मुलं, चष्मा शोधणारे म्हातारे, सगळे पायी पूल ओलांडतात. मग रिकामी बस कण्हत कण्हत मागून येते. पलीकडे पुन्हा सगळे आत, आणि खिडकीच्या जागेवरून नव्याने भांडणं. नवा माणूस विचारतो, गाडी बिघडली का? जुन्यांना त्यात काहीच वाटत नाही. त्या चालण्यात लोकांनी सोयरिकी जमवल्या. एका तलाठ्याला पुलाच्या मधोमध गाठून, तो पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही, अशा अवस्थेत त्याची दाखल्यावर सही घेतलेली मी स्वतः पाहिली आहे.

मी म्हणायचो, ही लाज आहे. प्रवाशाला उतरवून चालायला लावतो तो कसला पूल?

तू म्हणायचास, "उतरतात म्हणून एकमेकांशी बोलतात तरी. तुझ्या नाटकाला एवढी माणसं एका वेळी कधी आली होती का?"

असले टोले हाणून झाले की तू खिशातून सुपारी काढायचास. माझ्या रागाची सुरुवात त्या सुपारीपासून आहे.

गेल्या दिवाळीनंतर एका बसचं मागचं चाक फळी फोडून आत गेलं. बस रिकामी होती म्हणून बरं. मग वरपर्यंत आरडाओरडा झाला आणि प्रश्न कागदावर आला: जुना पूल दुरुस्त करायचा, की पाडून सिमेंटचा नवा बांधायचा? अहवाल तू द्यायचा होतास. मला हे कळलं त्याच संध्याकाळी मी तुझ्या क्वार्टरच्या पायरीवर हजर. सुधावहिनींनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, मास्तर आलेत. चहा जास्त टाकते, लांबणार आहे."

"सिमेंटचा!" मी पायरीवरूनच गर्जना केली. "दत्ताराम, माझी बायको रोज त्या कुजक्या फळ्यांवरून जाते. तुला तुझी फिरंगी लाकडं प्यारी असतील. मला ती प्यारी आहे."

"हे सिस्टरना कधी सांगितलंस का? की आज पायरीवर पहिला प्रयोग?"

"विषय बदलू नकोस."

"बरं. नवा पूल बांधायला किती पावसाळे लागतील?"

"मी काय इंजिनियर आहे?"

"मी अर्धा आहे, म्हणून सांगतो. जागा तीच, म्हणजे आधी जुना पाडणार. मग पायाचे खड्डे. तेवढ्यात पाऊस. खड्ड्यांत पाणी. पाणी उपसलं की कंत्राटदार रुसणार. तो हसेपर्यंत दुसरा पाऊस. एवढे दिवस सिस्टरनी कुठून जायचं? आणि पाड्यावरच्या आजाऱ्याने इकडे कुठून यायचं?"

"मग नवा शेजारी बांधा!"

"तेच लिहितोय, शहाण्या! जुना नीट करा, लोकांना त्यावरून जाऊ द्या, नवा शेजारी बांधा. तो चालू झाला की जुन्याची होळी करा नाहीतर पूजा करा, मला काही देणंघेणं नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं तुला वाटलं असेल. मी म्हणालो, दुरुस्ती म्हणजे ठिगळ, आणि ठिगळावर माझी बायको मी पाठवणार नाही. तू चिडलास. तुझा कान आधी लाल होतो, मग तू. म्हणालास, "दुरुस्त झाला ना, की पहिल्या बसमध्ये सिस्टरना पुढच्या सीटवर बसवून, एकाही माणसाला न उतरवता पलीकडे नेणार. आणि तू खाली नाल्यात उभा राहून बघ."

"मी खाली का?"

"पडलीच बस, तर झेलायला."

वहिनी इतक्या हसल्या की चहा बशीत आला.

त्याच्या पुढच्या रविवारी तू मला पुलावर नेलंस. हातात पहार, डोक्याला पंचा. मला वाटलं आता फळ्या दाखवणार. तू पहारीने पुलावरचं डांबर उकरायला लागलास. एक थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. माझ्या वाढदिवसाच्या केकलाही एवढे थर कधी नव्हते. तू एकेका थरावर पहार टेकवून ओळख करून देत होतास, नाटकात पात्रपरिचय करून देतात तशी.

"हा वरचा, दिल्लीहून पाहुणे आले होते तेव्हाचा. हा त्याच्या खालचा, शाळेच्या उद्घाटनाचा. हा बघ, जाडा, ह्याला मोठे साहेब कारणीभूत, त्यांना गाडीत धक्का बसला होता. कोणी यायचं ठरलं की हुकूम एकच: पूल काळा करा."

"पण मग छान गुळगुळीत झाला असेल."

"वरून. पाणी फटीतून आत जातं, डांबरामुळे बाहेर येत नाही. फळ्या त्या घामात बारा महिने भिजतात. फिरंग्यांनी फळ्यांमध्ये फटी सोडल्या होत्या, वारा लागावा म्हणून. आम्ही त्या बुजवल्या, दिसायला वाईट म्हणून. आणि हे ओझं बघ! माणसं उतरवतो आम्ही बसमधून, पूल हलका व्हावा म्हणून. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालवतो. आणि डांबर मात्र तसंच वर ठेवतो."

मी विचारलं, "हे थर घातले कोणी?"

तू पहार खाली ठेवलीस. "खालचे आधीच्यांनी. वरचे मी."

मग आपण दोघं नाल्यात उतरलो. तू हातोडीने तुळया वाजवत गेलास, आणि तबल्याचा स्वर लावतात तसा कान लावत गेलास. एक तुळई टोकाला भुसभुशीत निघाली. बाकीच्या खणखणीत. वर बघून तू म्हणालास, "म्हातारा झाला नाही रे हा. सजवून मारतोय आम्ही त्याला." त्या दिवशी तुझ्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी टिंगल केली नाही. मनात तयार होती, चांगली होती, पण केली नाही. एवढं माझ्या नावावर जमा कर.

आणि तरीही मी हरलो असं म्हणालो नाही. आजही म्हणत नाही. फळ्या बदलून, डांबर काढून, ती एक तुळई नवी घालून तो पूल किती वर्षं टिकला असता, हा माझा प्रश्न तसाच आहे. तू म्हणायचास "पुरेसा." पुरेसा म्हणजे किती? उत्तर द्यायला थांबला का नाहीस?

मध्येच तो मुंबईचा कॅमेरेवाला आला, आठवतो? गळ्यात दोन कॅमेरे, पायात कोल्हापुरी. पुलावर आडवा पडून फोटो काढत होता आणि बस त्याच्यासाठी थांबली होती. तुला म्हणाला, हा ऐतिहासिक वारसा आहे, याच्या एकाही फळीला हात लावू नका. "कुजकीलाही?" तू विचारलंस. तो म्हणाला, कुजण्यातही एक सौंदर्य आहे. मालती उतरून शेजारी उभी होती. तिने त्याला इतक्या गोड आवाजात विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना तुम्ही? तिथे खिळे आहेत," की तो ताडकन उठला. परतीच्या वाटेवर तू म्हणालास, "ह्याला पूल फोटोत हवा, शेठला वखारीत, साहेबांना भाषणात. नाल्यावर कोणालाच नकोय." शेठची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. जुना सागवान! तसल्या तुळया आता कुठल्या जंगलात मिळतात? पाडण्याचं काम ज्याचं, लाकूड त्याचं, असा करार होणार होता.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत. गेल्या वर्षीच्या त्या श्रावणातल्या संध्याकाळचेही नाही. पाणी तुळयांना लागायला आलं होतं. ड्रायव्हर रिकामी बससुद्धा पुलावर घालायला तयार नव्हता. मालती पलीकडे अडकलेली, आणि मी अलीकडे उभा राहून ड्रायव्हरला माणुसकी, कर्तव्य आणि इतिहास या विषयांवर व्याख्यान देत होतो. तू छत्री घेतलीस, मिटलीस, आणि तिच्या टोकाने फळ्या वाजवत पलीकडे गेलास. येताना ती तुझ्या मागे. तू पाय ठेवशील तिथेच तिने पाय ठेवायचा, असं तू तिला बजावलं होतंस. अलीकडे आल्यावर मला म्हणालास, "तुझं स्वगत संपलं असेल तर तालमीला जाऊ या." मी म्हणालो, संपलं. बस्स. तेवढंच बोललो. घरी मालती डोकं पुसता पुसता म्हणाली, "भाऊजी सगळा वेळ रामरक्षा पुटपुटत होते हो." तुझी भीती मला तिच्याकडून कळली. तू मला कधी दाखवलीच नाहीस.

आता रागाकडे येतो.

तुझ्या अहवालात तू सगळं लिहिलंस. डांबर लिहिलंस, स्वतःचे थरसुद्धा लिहिलेस. साहेबांनी तो परत पाठवला: पुनर्विचार करावा. तू पुनर्विचार केलास आणि तोच अहवाल पुन्हा पाठवलास. पुन्हा परत. माझ्या पायरीवर तू वाघ होतास, दत्ताराम. "असा सांगतो, तसा सांगतो, शेठची वखार उघडी पाडतो!" आणि ऑफिसात? ऑफिसात तू "जी साहेब" म्हणून बाहेर यायचास आणि टपरीवर गार चहा प्यायचास. मालतीने तुझा बस थांब्यावर, चक्क रांगेत, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब तपासला होता. पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा आकडा बघितला. ती म्हणाली, "भाऊजी, आज सिव्हिलमध्ये जा." तू म्हणालास, "पावसाळा झाला की जातो." पुलाची दुरुस्ती पावसाळ्याच्या आधी आणि तुझी पावसाळ्याच्या नंतर! हे वेळापत्रक कोणी मंजूर केलं? आम्ही नाही केलं. सुधावहिनींना तर दाखवलंही नव्हतंस.

सोमवारी संध्याकाळी शेवटचा आलास. म्हणालास, "उद्या साहेबांना तोंडावर सांगतो. पावसाच्या तोंडावर पूल पाडायचा असेल तर माझ्या सहीशिवाय पाडा." मी टाळी दिली. खरंच दिली. इतक्या वर्षांत तुझं एवढं चांगलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. आणि मंगळवारी तू ते वाक्य घेऊन टपरीपर्यंत गेलास, चहा मागवलास आणि तिथेच कलंडलास. ऑफिसचं फाटक समोर होतं. तुझं वाक्य कोणी बोलायचं आता? मी शाळामास्तर. माझ्या सहीने फार तर सहामाहीचा पेपर पास होतो.

आता काल.

हॉल भरला होता. टेबलावर तुझा तो फोटो, मिशा जास्त काळ्या आलेला. सगळ्यात मोठा हार शेठचा. तो इतका मोठा होता की तू फक्त कपाळापासून भुवयांपर्यंत दिसत होतास. सुधावहिनी पहिल्या रांगेत, शेजारी मालती, ड्यूटीवरून थेट आलेली, पांढऱ्या साडीच्या काठाला धूळ. मी वक्त्यांच्या खुर्चीत. भाषण तयार होतं. त्यात तुझी थट्टा होती, तुझं प्रेम होतं, आणि शेवटी तुझा अहवाल होता.

पण आधी साहेब उठले. चष्मा पुसला. म्हणाले, "स्वर्गीय दत्तारामजींची मनापासून एकच इच्छा होती. त्या नाल्यावर एक भव्य, आधुनिक पूल व्हावा. त्यांची ही शेवटची इच्छा आम्ही अपुरी राहू देणार नाही. येत्या सोमवारपासून, पाऊस सुरू व्हायच्या आतच, जुना पूल पाडायला घेतोय. आणि नव्या पुलाला नाव असेल, दत्तारामजींचं!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत, दत्ताराम! शेठने सुरू केल्या आणि लोकांचे हात सवयीने उचलले गेले. वहिनींनी मान वर केली. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा तुझ्या भुवयांकडे. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी लिहू शकत नाही. जी गोष्ट टाळण्यासाठी तुला झोप नव्हती, तीच तुझ्या नावाने होणार होती, आणि तिच्याबद्दल त्यांनी साहेबांचे आभार मानावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

मग माझं नाव पुकारलं. मी उठलो. अख्ख्या सिल्वासात ज्याचा आवाज माईकशिवाय बाजारापर्यंत जातो तो मी, माईकपुढे उभा राहिलो आणि तोंडातून हवासुद्धा निघेना. दुःखाने नव्हे. इतक्या शिव्या एकदम दारात आल्या की एकीलाही बाहेर पडायला वाट मिळेना. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती समजूतदार हात! म्हणाले, "मास्तर भावुक झालेत. आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

पुढचं काय होईल मला माहीत नाही. आज सकाळी साहेबांनी तुझा अहवाल फाइलीतून मागवला, एवढं त्यांच्या शिपायाकडून कळलं. वाचायला मागवला की नाहीसा करायला, ते तो शिपाईही सांगू शकला नाही. आज दुपारच्या बसचे लोक नेहमीसारखे उतरून, बोलत बोलत पलीकडे गेले, हे मी डोळ्यांनी पाहून आलोय. सोमवारी काय ते सोमवारी. पण काल काय झालं ते तुला कळायलाच हवं.

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. पंखा फिरत होता, कोणाची तरी चप्पल फरशीवर घासली. शेठने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते, देव जाणे कोणाचा हिशेब चालला होता. पहिलं मिनिट झालं असेल नसेल. आणि माझी बायको, जिला मी इतकी वर्षं नाटकात एका वाक्याची दासी हो म्हणून विनवतोय आणि जिने दर वेळी "माझ्याच्याने चारचौघांत तोंड उघडत नाही" म्हणून मला परत पाठवलंय, ती मान वर करून, हॉलच्या मागच्या भिंतीवरून आवाज परत येईल एवढ्या मोठ्याने ओरडली:

"सोमवारी पाडणार? अहो साहेब, पलीकडे पोरी अवघडलेल्या आहेत, भर पावसात दिवस भरतायत त्यांचे, मी काय पोहत जाऊन बाळंतपणं करू?"